जुनी कार्ब्युरेटरची गाडी अचानक बंद का पडते? दोष शोधायचा कुठून?

मे महिन्यातली दुपार. भोकरदनहून जालन्याकडे निघालेली जुनी मारुती ८०० राजूरला गणपतीच्या दर्शनासाठी थांबते. पंधरा-वीस मिनिटांनी मंडळी परत येतात आणि गाडी स्टार्ट होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. कुणी म्हणते कार्ब्युरेटर गेला, कुणी म्हणते इंजिन खोलावे लागेल. तासाभराने तीच गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर बहुतेकदा निर्दोष असतो, तरीही पहिला पाना त्यालाच लागतो. नीट न बसवलेला कार्ब्युरेटर मग खरोखरच त्रास देऊ लागतो, मूळ दोष तसाच राहतो आणि चांगले इंजिन असलेली गाडी भंगाराच्या भावात जाते.

या गाड्यांना स्कॅनर का लागत नाही?

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, तेव्हा तिच्यात इंधन इंजेक्शन म्हणजे एमपीएफआय आले. त्याआधीच्या ८०० आणि ओम्नी, तसेच प्रीमियर पद्मिनी या कार्ब्युरेटरच्या गाड्या. त्यांच्यात इंजिनाच्या चुका नोंदवणारा संगणक नाही, डॅशबोर्डवर पेटणारा इंजिनाचा दिवाही नाही.

कार्ब्युरेटरचे काम साधे असते. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचले जाते. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे वजनाचे प्रमाण त्याला राखायचे असते. पण ते बिघडले तर कार्ब्युरेटरला कळत नाही. ते माणसालाच ओळखावे लागते.

म्हणून चांगला मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘कधी होते?’ सकाळी थंड असताना, तापल्यावर, उभी असताना, की चढावर? निम्मे निदान या उत्तरातच असते.

तापल्यावर बंद पडते तेव्हा

राजूरच्या प्रसंगात तीन शक्यता असतात. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे.

पहिली शक्यता व्हेपर लॉकची. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. गाडी चालू असताना वाहते पेट्रोल आणि समोरून येणारा वारा नळी थंड ठेवतात. गाडी थांबली की इंजिनाची उष्णता बॉनेटखाली साचते आणि इंजिनाला चिकटून बसलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो, पेट्रोल पुढे जात नाही. अशा वेळी बॉनेट उघडून थांबावे, पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. पाणी ओतू नये, ते डिस्ट्रिब्युटरमध्ये गेले तर नवा दोष तयार होतो.

दुसरी शक्यता याच्या बरोबर उलट. फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते आणि गाडी ‘ओव्हर’ होते. पेट्रोलचा उग्र वास येतो. इथे घाबरून पेडल पुन्हा पुन्हा मारले की पेट्रोल आणखी जाते. त्याऐवजी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, न हलवता सेल्फ मारावा. भरपूर हवा जाते आणि साचलेले पेट्रोल उडून जाते.

तिसरी शक्यता करंटची. तापलेला कंडेन्सर किंवा कॉइल काम सोडतो, थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतो. मालकाला ‘पेट्रोलच येत नव्हते’ असे वाटते ते यामुळेच.

यांतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनरचे झाकण काढावे आणि ॲक्सिलरेटर एकदा दाबायला सांगून कार्ब्युरेटरच्या गळ्यात पाहावे. पेट्रोलची बारीक धार दिसली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, मग करंट तपासायचा. धार नसेल तर पंप, फिल्टर आणि नळीकडे वळायचे. हे करताना आसपास कुणाच्या हातात विडी-सिगारेट नको.

आधी करंट, मग पेट्रोल

कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे बरेच दोष प्रत्यक्षात प्लग, पॉइंट आणि वायरींचे असतात. प्लग काढून वायरीला जोडावा, त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकवावे आणि सेल्फ मारून ठिणगी पाहावी. पेट्रोल सांडलेले असेल तर ही तपासणी करू नये. ठिणगी निळसर आणि टकटक आवाज करणारी हवी. पिवळट, दमलेली ठिणगी दिसली की पॉइंट पाहायचे. मारुतीच्या पॉइंटमधले अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. पॉइंट वारंवार जळत असतील तर ते घासत बसण्यापेक्षा कंडेन्सर बदलून पाहावा. एवढासा भाग, पण गाडी ढकलायला लावतो तो.

काढलेला प्लग फेकण्याआधी त्याच्या टोकाचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी, तेलकट काळे म्हणजे इंजिन ऑइल वर येते आहे. महत्त्वाचे हे की मारुती ८००च्या तिन्ही सिलिंडरांना एकाच कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मिळते. त्यामुळे तिन्ही प्लग सारखेच काळे असतील तर संशय कार्ब्युरेटर, अडकलेला चोक किंवा धुळीने बुजलेल्या एअर फिल्टरवर घ्यावा. कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत तर फिल्टर आधी पाहावा. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे, तिथे कार्ब्युरेटर खोलून काही हाती लागणार नाही.

चोक हे निदानाचे साधन

गाडी गरम असताना झटके मारत असेल तर चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. जादा हवा बहुधा कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून किंवा तडकलेल्या रबरी नळीतून शिरते. नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. जिथे दाबल्यावर इंजिनाचा आवाज सुधारतो, ती नळी दोषी. हवा शोधायला पेट्रोल शिंपडण्याची सवय काहींना असते. तापलेल्या इंजिनावर ती आगीला आमंत्रण देते. साबणाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

उभी असताना बंद पडते, पण रस्त्यावर छान पळते, असे असेल तर स्लो जेटमध्ये कचरा असण्याची शक्यता मोठी. इथे मात्र कार्ब्युरेटर साफ करणे योग्यच. पेडल दाबताच क्षणभर गुदमरते ती गाडी ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा मागते. काही किलोमीटर नीट धावून मग दम सोडते तिचे पेट्रोल फिल्टर पाहावे, आणि टाकीचे झाकणसुद्धा. झाकणाचे हवेचे भोक बुजले की टाकीत पोकळी तयार होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष सापडला. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. तशी गाडी चालवत राहू नये, ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात.

इथेनॉलमुळे काय बदलले?

२०२३पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे या मिश्रणाचे योग्य प्रमाण साडेतेराला एक असे काहीतरी होते. एमपीएफआय गाडीचा संगणक ते जुळवून घेतो. कार्ब्युरेटरचे जेट मात्र जुन्याच मापाचे असते, म्हणून गाडीला पेट्रोल कमी पडल्यासारखी लक्षणे दिसतात: सकाळी लवकर न उठणे, चढावर झटके, पांढरट प्लग. त्याशिवाय इथेनॉल जुने रबर मऊ करते आणि ओलावा शोषते. म्हणून या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केट इथेनॉल सोसणारे बसवून घेणे हा पहिला खर्च, जेटचे माप वाढवण्याचा विचार त्यानंतरचा. नळी घामेजलेली दिसली तरी ती लगेच बदलावी. तिच्याखालीच इंजिन तापलेले असते.

एक तपासणी मालकाकडे आधीच असते आणि ती क्वचितच कुणी वाचते: पीयूसीची पावती. भारत स्टेज-२च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. पहिला आकडा जास्त असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, म्हणजे चोक, फिल्टर, कार्ब्युरेटर पाहायचे. पहिला बरा आणि दुसरा खूप वाढलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे बहुधा प्लग, पॉइंट किंवा वायर. मेकॅनिककडे जाताना ही पावती सोबत न्यावी.