खलनायिका खरं बोलली तर?

‘स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स’ ही २००८ साली सुरू झालेली अमेरिकन ॲनिमेशन मालिका. तिच्या पाचव्या सीझनमध्ये जेडाय योद्धा बॅरिस आपल्याच मंदिरात स्फोट घडवते आणि आळ मैत्रीण अहसोकावर ढकलते. पकडल्यावर म्हणते, शांतीचे रक्षक म्हणवणारे जेडायच युद्धात वाट चुकले. झालं! ती दुष्ट की खरं बोलणारी, यावर चाहते भांडत बसतात. (अहसोका निर्दोष सुटते, तरी जेडायांना सोडून जातेच.)

मुलांना नुसतं ‘वाईट कोण?’ विचारू नका हो. फळ्यावर दोन रकाने आखा: बॅरिस काय म्हणाली, बॅरिसने काय केलं. स्फोटात निरपराध माणसं मेली. मुद्दा पटला, तरी या दुसऱ्या रकान्याचं काय, हे मुलांनाच ठरवू द्या.