साचा आणि वेलांटी

संकेतस्थळावरील अर्जात आपण नाव लिहितो, तेव्हा ते ठरावीक साच्यात बसते की नाही, एवढेच संगणक तपासतो. या साच्यांना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. त्यांचे गणित अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले.

आता ‘नावात केवळ अक्षरेच असावीत’ असा साचा घेऊ. ‘कमल’ त्यात बसते. ‘शीला’ मात्र बसत नाही! कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना-वेलांटी ही अक्षरे नव्हेत, अक्षरांना जोडावयाची चिन्हे होत. साच्यात चिन्हांचा वर्गही घातला की शीलाबाईंना वाट मिळते.

तोवर संगणक त्यांनाच म्हणतो, ‘नाव चुकीचे आहे.’ चूक नावाची नसते. साचा घडविणाऱ्याने वेलांटी विचारात घेतलेली नसते.