अडलेली अक्कलदाढ

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आमच्याकडे आला. गाल सुजलेला, तोंड धड उघडेना. म्हणाला, "गुरुजी, दाढ ठणकतेय. चार रात्री डोळा लागला नाही. मला एच. आय. व्ही. आहे. तसं सांगितलं, तर एका दवाखान्यानं परत पाठवलं. आता दुसरीकडे सांगूच नये म्हणतो."

आम्ही म्हणालो, "लपवू नकोस. चल, आम्ही बरोबर येतो."

त्याची अक्कलदाढ अडली होती. ही दाढ साधारण १७ ते २५ व्या वर्षी येते. जबड्यात जागा नसली, की ती आडवी होते. हिरडीत किंवा हाडात अडकते. तिथे अन्न साचते, पू होतो. मग हिरडी कापून दाढ काढावी लागते.

एच. आय. व्ही. मुळे रोगाशी लढण्याची ताकद घटते. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. सीडी-४ पेशी किती आहेत, रक्त नीट गोठेल का, हे पाहतात. नेमाने गोळ्या घेणाऱ्याची ताकद टिकते. त्याची दाढ बहुधा इतरांसारखीच काढता येते.

मग आजार का सांगायचा? काही औषधे एच. आय. व्ही. च्या गोळ्यांशी जुळत नाहीत. डॉक्टरांना ठाऊक असेल, तर ते जुळणारे औषध देतात. दाढ काढायच्या दिवशीही आपली नेहमीची गोळी चुकवू नये.

कोणी विचारील, "त्याच हत्याराने माझा दात काढला तर?" हत्यारे प्रत्येक रोग्यानंतर धुऊन, दाबाच्या वाफेत तापवायची असतात. त्यात विषाणू मरतो. हातमोजेही दर वेळी नवे घालायचे असतात. कोणाला कोणता रोग आहे, ते कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून ही काळजी सर्वांसाठीच घ्यायची असते.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरावा. पहिला दिवस जोराने चूळ भरू नये, थुंकू नये. विडी, तंबाखू, मशेरी बंद ठेवावी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भराव्या. रक्त थांबेना, ताप आला, सूज वाढली, तर लगेच दवाखाना गाठावा.

एच. आय. व्ही. आहे म्हणून उपचार नाकारणे हा अन्याय आहे. २०१७ च्या कायद्याने तशी मनाई केली आहे. १०९७ या फोनवर फुकट सल्ला मिळतो.

त्या तरुणाची दाढ निघाली. पंधरा दिवसांनी तो भाकरी चावून खाऊ लागला. दाढेचे दुखणे औषधाने बरे झाले. माणसाला दूर लोटण्याचे दुखणे मात्र आपणच बरे केले पाहिजे.