छाटणीची तारीख पाठ, तपासणीची का नाही?



ऑक्टोबर छाटणी कोणत्या तारखेला घेतली, हे कवठे महांकाळ तालुक्यातला कोणताही बागायतदार झोपेतून उठवला तरी सांगेल. पेस्ट कधी लावली, डिपिंग कधी, विरळणी कितव्या दिवशी, सगळे वहीत असते. पण घरातल्या गरवार लेकी-सुनेची पुढची तपासणी कधी, असे विचारले की आपण स्वयंपाकघराकडे बघतो.

एका हंगामात मी भुरी बघायला एका बागेत गेलो होतो. विरळणी चालू होती. सात महिन्यांची गरवार सून सकाळपासून मान वर करून मांडवाखाली उभी. पाय सुजलेले, तोंडही सुजलेले, डोके ठणकतेय म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाय साहेब, ह्या दिवसांत सूज येतीच." मीही मान हलवली आणि भुरीवरच बोलत बसलो. नशिबाने आशाताई त्या वाटेने आल्या आणि तिला तडक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. रक्तदाब फार वाढला होता. तिथून मिरजेला हलवले. मायलेकरू वाचले. पण मी मान हलवली होती, हे मला अजून खुपते.

पायांना थोडी सूज बऱ्याच जणींना येते. मात्र तोंड-हात सुजणे, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे, यातले एकही दिसले तर 'उद्या बघू' म्हणू नका. लगेच १०८ ला फोन लावा.

बागेत काय टाळावे

गरवार आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला फवारणी, डिपिंग व पेस्ट लावण्याच्या कामाला लावू नका. पेस्टमधले हायड्रोजन सायनामाईड कातडीतूनही अंगात जाते. फवारलेल्या बागेत लगेच पाठवू नका. फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नका. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी चालू असेल तर तिला तिथून लांब ठेवा. जड कॅरेट उचलणे आणि तासन्‌तास उभे राहणेही बंद.

ताटात काय

बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, शेवग्याचा पाला, अंडी, दूध हे आपल्याच शिवारात आहे. जोडीला लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. गरोदरपणात किमान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत.

बाळंतपणानंतर

गाय व्याली की वासराला आपण चीक लगेच पाजतो. मग बाईचा पिवळा चीक काही घरांत पिळून का टाकतात? बाळाला तो तासाभरात पाजावा आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये. बाळंतिणीला पाणी आणि भाजीपाला तोडू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुराने जीव गुदमरतो. रक्त जास्त जाणे, ताप, घाण वास येणारा स्राव दिसला तर दवाखाना गाठा. दोन आठवड्यांनंतरही रडू आवरत नसेल, झोप लागत नसेल, तर ते नाटक नव्हे, आजार आहे. सव्वा महिन्याच्या विश्रांतीची आपली चाल चांगली आहे. विरळणीला माणूस कमी पडले म्हणून ती मोडू नका.

गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे करावे: प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्याची दवंडी आदल्या दिवशी द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या वेळी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये मिळतात. तिचे कागद अडवून ठेवू नका.

आणि बागायतदारांनो, आज घरी गेल्यावर बागेची वही काढा. छाटणीच्या तारखेच्या वरच्या ओळीत तपासणीची तारीख लिहा. त्या दिवशी बाग थांबू द्या, तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा.