बेचाळिसाव्या दिवसानंतर

"रडणाऱ्या बाळाची मला भीती नाही वाटत. काल टाहो फोडणारं बाळ आज नुसतं कण्हायला लागलं, की माझ्या पोटात गोळा येतो." भोर तालुक्यातल्या एका आशाताईंचं हे बोलणं मनातून जाईना, म्हणून त्यांच्याबरोबर गृहभेटीला गेले.

बाळंतिणीच्या खोलीत हिंगाचा वास कोंडला होता. 21 दिवसांची मुलगी तिन्हीसांजेपासून रडत होती आणि आजीनं तिच्या बेंबीभोवती हिंग लावला होता. "दृष्ट काढली, तरी थांबेना. हिचं दूधच पुरत नसेल. वरचं सुरू करू का?" आजीनं विचारलं. बाळाच्या आईनं मान खाली घातली.

आशाताईंनी हात धुतले, ताप पाहिला, झोळीच्या काट्यावर वजन केलं. मग त्या आईजवळ बसल्या.
"शू किती वेळा करते?"
"सात-आठदा."
"वजनही वाढलंय. म्हणजे तुझं दूध पुरतंय गं."
आईनं मान वर केली. त्या घरात एवढं एकच वाक्य तिच्या बाजूचं होतं.

बाळाला पदराखाली घेतल्यावर ते निवलं. तेव्हा ताईंनी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. साठच्या आत होते. भूक रडण्याच्या आधीच कळते, हे त्यांनी दाखवलं: बाळ तोंड वळवून शोधतं, ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं. रडणं सगळ्यात शेवटी येतं. हिंगाला त्या काही बोलल्या नाहीत. साखरपाणी आणि गुटी मात्र ठामपणे बंद करायला लावली.

रडण्यातला फरक टिपणारे हे कान तयार करण्याची वाट गडचिरोलीतून निघाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. रडणं मंदावणं, अंगावर ओढणं कमी होणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं त्या घरात बसून ओळखू लागल्या. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि 2011 पासून देशभरच्या आशा अशा भेटी देऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. सहाही भेटींचे मिळून 250 रुपये.

बेचाळिसावा दिवस म्हणजे सहावा आठवडा. निरोगी बाळाचं रडणंही दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. घर सर्वांत जास्त हवालदिल असतं, तेव्हाच भेटी संपतात. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात.

"मधल्या काळात बायका फोन करतात, मी जाते," ताई म्हणाल्या. त्या जाण्याची नोंद कुठल्याच फॉर्मवर होत नाही, पैसे तर नाहीतच. बाळाचं वजन, ताप, श्वास यांना रकाने आहेत. रात्रभर जागून 'आपलंच दूध कमी' असं मानून बसलेल्या आईसाठी मधली एक भेट कागदावर यायला हवी, आणि तिचा मोबदलाही. सगळं ठीक असलेल्या बाळाच्या रडण्यानं आई खचते. तिला 'हे ओसरेल' असं खात्रीनं सांगणं हासुद्धा उपचारच आहे.