मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलमधील बिघाड : पेडल बदलण्यापूर्वी करावयाची तपासणी

कल्याण–अहिल्यानगर मार्गावरील बेल्हे हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, मग खूर व खांदा पाहतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. परंतु याच शेतकऱ्याची टोमॅटो भरलेली पिकअप गाडी नारायणगावच्या वाटेवर बंद पडली आणि पुढील फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणजे तो कोणतीही पारख न करता ‘पेडल गेले’ हे सांगणे मान्य करतो व नव्या पेडलचे पैसे मोजतो. पुष्कळदा नवे पेडल बसवूनही चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. त्या दिवसाचा बाजार तर हातचा जातोच. म्हणून या बिघाडाची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती शेतकरी बंधूंना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

जुन्या जीपमध्ये ॲक्सिलरेटरचे पेडल व इंजिन यांना एक पोलादी केबल जोडलेली असे. ती गंजली वा तुटली तर दोष डोळ्यांना दिसे. नव्या गाडीत अशी केबल नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या बहुतेक मोटारींत व पिकअप गाड्यांत पेडलजवळ सेन्सर, म्हणजे संवेदक, बसविलेला असतो. पेडल किती दाबले गेले हे तो विजेच्या दाबाच्या रूपाने गाडीतील संगणकास कळवितो आणि इंधन किती सोडावयाचे ते संगणक ठरवितो. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक धूरमानके लागू झाली असल्याने त्यांपैकी अनेकांत हीच रचना आढळते.

या पेडलमध्ये एक नव्हे, दोन संवेदक असतात. दोघांनाही संगणकाकडून सुमारे ५ व्होल्टचा पुरवठा होतो. अनेक गाड्यांत पाय काढलेला असता पहिल्याचा दाब सुमारे ०.७ ते ०.८ व्होल्ट असतो व पेडल पूर्ण दाबल्यावर तो ४ व्होल्टच्या आसपास जातो. दुसऱ्याचा दाब प्रत्येक क्षणी पहिल्याच्या निम्मा असतो. (काही कंपन्यांच्या गाड्यांत हे प्रमाण निराळे असते, तर काहींत दुसरा दाब उलट उतरत जातो, यासाठी त्या गाडीची पुस्तिका पाहावी.) दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत तर पंच जसे निर्णय रोखून धरतात, तसेच संगणकही करतो. तो दिवा लावतो, इंजिन मंद व ठराविक गतीवर ठेवतो आणि मग पेडल कितीही दाबले तरी गाडी वेग घेत नाही. ही व्यवस्था गाडी अचानक उधळू नये म्हणून मुद्दाम केलेली आहे. मधे रोधक जोडून वा तारा परस्पर सांधून तिला बगल देण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

पेडल दाबले असता गाडी थोडीफार प्रतिसाद देते, पण चढावर ओढत नाही, असे असल्यास दोष बहुधा अन्यत्र असतो. डिझेलचा फिल्टर तुंबणे, टर्बोची नळी फाटणे, धुराच्या नळकांड्यातील काजळीची गाळणी भरणे ही त्याची नेहमीची कारणे होत. याउलट पेडलच्या एका विशिष्ट जागी गाडी गचके देत असेल, किंवा चावी बंद करून पुन्हा लावल्यावर दोष तात्पुरता जात असेल, तर पेडलच्या मार्गाचा संशय घ्यावा.

मेकॅनिकने स्कॅनर लावल्यावर जो कोड येईल तो कागदावर लिहून घ्यावा. पी २१२२ किंवा पी २१२७ म्हणजे दाब फार कमी. पी २१२३ किंवा पी २१२८ म्हणजे दाब फार जास्त. पी २१३८ म्हणजे दोन्ही संवेदक परस्परांशी जुळत नाहीत. पेडल खराब आहे, असे यांपैकी एकही कोड सांगत नाही. संगणकापर्यंत पोहोचणारा दाब अपेक्षेबाहेर आहे, एवढेच तो सांगतो, आणि पेडल ते संगणक या मार्गात तारा, जोडण्या व अर्थिंग हे सर्व येते. घाईने पेडल बदलण्याची चूक येथेच होते.

तपासणीपूर्वी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. प्रथम पायाशी वाकून पाहावे. पेडलखाली दुमडलेली रबरी चटई, गोणपाट वा खडा अडकलेला नाही ना? ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु अमेरिकेत टोयोटा मोटारी अचानक वेग घेतात अशा तक्रारी झाल्या, तेव्हा तेथील सरकारने नासा या अंतराळ संस्थेच्या अभियंत्यांकडून तपास करविला. फेब्रुवारी २०११ मधील अहवालानुसार अशा मोठ्या वेगवाढीस कारण ठरेल असा विद्युत् दोष आढळला नाही. पेडल चिकटणे व चटईत अडकणे ही दोन यांत्रिक कारणे मात्र पूर्वीच उघड झाली होती.

त्यानंतर चावी बंद करून पेडलवरील कनेक्टर काढावा. आत हिरवट वा पांढरा थर दिसला तर तो गंज समजावा. आपल्याकडे केबिनमध्ये खताची पोती ठेवण्याची व धुताना आत पाण्याचा फवारा मारण्याची सवय आहे. ओलावलेल्या खताने तांब्या-पितळेच्या जोडण्या फार लवकर खराब होतात. थर काढण्यासाठी विजेच्या जोडण्या साफ करण्याचा फवारा वापरावा. पॉलिश पेपरने घासू नये. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी उभी राहत असेल तर तारा बोनेटपर्यंत तपासाव्यात, कारण उंदीर त्या कुरतडतात. तुटलेली तार नुसती पिळून चिकटपट्टी न गुंडाळता डाख देऊन जोडावी व वर आवरण चढवावे. गाडी वॉरंटीत असल्यास मात्र तारांना हात न लावता ती कंपनीच्या केंद्रात न्यावी.

आता कनेक्टर पुन्हा बसवून, चावी लावून पण इंजिन बंद ठेवून, मल्टिमीटरने मोजावे. मीटरची सुई कनेक्टरच्या मागील बाजूने सरकवावी. तारेच्या आवरणास भोक पाडू नये. दोन्ही पुरवठ्यांत ५ व्होल्ट मिळतात का, हे प्रथम पाहावे. मिळत नसतील तर पेडल निर्दोष असण्याचा संभव मोठा आहे. काही गाड्यांत हाच पुरवठा इतर संवेदकांनाही जातो व त्यांपैकी एकात शॉर्ट झाला की सर्वांचा दाब पडतो. तेव्हा चावी बंद करून एकेक संवेदक सोडवावा व पुन्हा मोजावे. ज्याच्या सोडण्याने ५ व्होल्ट परत येतील तो दोषी. अर्थिंगच्या तारेवर ०.१ व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसल्यास तिची जोडणी घट्ट करावी.

पुरवठा व अर्थिंग ठीक असतील तर पेडल अगदी सावकाश दाबत व सोडत दोन्ही दाब पाहावेत. आकडा अखंड चढला पाहिजे. मधेच तो शून्यावर पडला वा उडाला, आणि तारा हलवूनही तो दोष त्याच जागी कायम राहिला, तर पेडल बदलणे योग्य ठरते. उलट तारा हलविताच आकडा नाचू लागला तर दोष तारांत आहे. हल्लीचे बरेच संवेदक चुंबकावर चालतात. त्यांची परीक्षा ओहममापनाने होत नाही.

ब्रेकचा स्विच अडकून राहिला तर ब्रेक दाबलेला आहे असे समजून संगणक इंधन कमी करतो. म्हणून ब्रेक न दाबता मागील लाल दिवे जळत आहेत का, हे कोणाकडून तरी पाहून घ्यावे. ही स्वस्त वस्तू महागड्या पेडलच्या नावावर खपते.

अणे घाटात वा माळशेजमध्ये असा दोष उद्भवल्यास भरलेली गाडी रेटू नये. डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा व माल दुसऱ्या वाहनात हलवावा. दुरुस्तीनंतर कोड पुसून रिकामी गाडी सपाट रस्त्यावर काही किलोमीटर चालवावी, नंतर स्कॅनर पुन्हा लावावा आणि कोड परत आला नसेल तरच गाडीत माल भरावा.