खुर्ची मिळाली म्हणून खरे सांगता आले!

बदली होऊन नव्या कचेरीत रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर विचारले जाते, "पूर्ण नाव काय म्हणालात?" पूर्ण नाव म्हणजे आडनाव आणि आडनाव म्हणजे जात, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. आमच्या पिढीतल्या किती नोकरदारांनी अशा वेळी आडनाव गिळले आणि गावाचे नाव पुढे केले, भाड्याची खोली जाईल म्हणून बाबासाहेबांची तसबीर किती जणांनी पेटीत ठेवली, याचा हिशेब ज्याने त्याने स्वतःशी करावा. आम्ही कोणाला दोष देत नाही. 1917 साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या खुद्द बाबासाहेबांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहावे लागले होते. परदेशातून उच्चविद्या घेऊन आलेला दरबारचा अधिकारी. आणि तरीही अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली!

हे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. मध्यंतरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा आपल्याच समाजातला एक तरुण आमच्या घरी आला. जयभीम झाला, चहा झाला. बराच वेळ खाली मान घालून बसला आणि मग म्हणाला, "काका, मी पुरुष नाही. लहानपणापासूनच नाही. शाळेत सांगून टाकू का?"

आम्ही चळवळीत केस पांढरे केलेली माणसे. पण त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. नोकरी जाईल का? कायद्याने जाऊ नये. पण पालक काय म्हणतील, सरपंच काय म्हणेल, उद्या फळ्यापुढे उभे राहायचे ते सर म्हणून की मॅडम म्हणून? गावातला मास्तर म्हणजे चोवीस तास लोकांच्या डोळ्यांसमोर असलेला माणूस. कारखान्यातला कामगार पाळी संपली की गर्दीत हरवून जातो. मास्तराला ती सोय नाही.

तेव्हा आम्ही तिला (होय, आता 'तिला'च म्हटले पाहिजे) ओडिशातल्या ऐश्वर्या ऋतुपर्णा प्रधान यांची हकिकत सांगितली. कंधमालसारख्या मागास जिल्ह्यातून आलेल्या प्रधान स्पर्धा परीक्षा देऊन 2010 साली ओडिशाच्या वित्त सेवेत लागल्या. कागदावर पुरुष म्हणून. पुढे पारादीप या बंदराच्या गावी त्या वाणिज्य कर अधिकारी होत्या. व्यापाऱ्यांची ये-जा, सह्या, सुनावण्या. म्हणजे लपून राहण्यासारखी जागाच नव्हे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात निकाल दिला, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. हा अधिकार संविधानातूनच येतो, असे न्यायालयाने सांगितले. निकाल भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी आला, हा योगायोग असेल. आम्हाला मात्र तो विसरता येत नाही. प्रधान यांनी या निकालाच्या आधारावर 2015 साली सरकारी दप्तरी आपले नाव आणि लिंग बदलून घेतले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पहिली तृतीयपंथी राजपत्रित अधिकारी' म्हणून डोक्यावर घेतले.

वर्तमानपत्रांना 'पहिली' फार आवडते. दुसरी कधी येणार, हे कोणी विचारत नाही.

आम्हाला या हकिकतीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी परीक्षा, मग खुर्ची, मग निकाल आणि त्यानंतर जाहीर सांगणे. ज्यांना आपली ओळख खुर्चीच्या आधीच सांगावी लागली त्यांचे काय झाले? तामिळनाडूच्या पृथिका याशिनी पोलीस उपनिरीक्षक व्हायला निघाल्या, तर अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने! अर्ज फेटाळला गेला. मद्रास उच्च न्यायालयात लढून 2015 साली त्यांनी हक्क मिळवला, तेव्हा कुठे 2017 साली खाकी वर्दी अंगावर आली. आपल्या महाराष्ट्रातही पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना यावा म्हणून डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारचे कान धरावे लागले.

दिसण्यावरच बंदी घालण्याची ही रीत जुनी आहे. इंग्रजांच्या 1871 च्या ज्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर पुढे गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची नोंदवही पोलिसांकडे. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात रस्त्यावर दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! आपल्या विमुक्त बांधवांना ज्या कायद्याने जन्मतः चोर ठरवले, त्यानेच यांचे चारचौघांत उभे राहणे गुन्हा ठरवले. तरीही काही जण आम्हाला विचारतात, हा प्रश्न आपल्या चळवळीचा कसा?

आता आरक्षणाकडे येऊ. तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्या, असे 2014 च्या निकालात स्पष्ट होते. 2019 साली संसदेने कायदा केला, त्यात आरक्षणाचा शब्दही आला नाही. वर आणखी एक गोम आहे. सगळ्या तृतीयपंथीयांना एकाच मागास वर्गात कोंबले, तर त्यांच्यातल्या दलिताने काय करायचे? अनुसूचित जातीचा दाखला फाडायचा, की स्वतःची ओळख गिळायची? तूतुकुडीच्या ग्रेस बानू या दलित आहेत आणि तृतीयपंथीही. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळवण्यापासूनच त्यांना झगडावे लागले. म्हणूनच समांतर आरक्षणाची मागणी त्या इतक्या नेटाने मांडत आल्या. महिलांना जसे प्रत्येक प्रवर्गात समांतर आरक्षण असते, तसेच हे. कर्नाटकाने 2021 साली सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गात एक टक्का ठेवून दाखवले. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणून भाषणे ठोकणाऱ्यांनी तो एक टक्का कुठे अडला हे सांगावे.

आणि थोडे आपल्या घरातही पाहू. 2019 साली वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मात्र वस्तीतले एखादे पोर जरा वेगळे चालले, की त्याच हातांनी दुसरी टाळी वाजते. ती कशी वाजते, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या घरी आलेल्या त्या शिक्षिकेने ती टाळी सर्वांत आधी ऐकली, ती कोणा सवर्णाच्या वाड्यात नव्हे. आपल्याच समाजमंदिराच्या ओट्यावर.

तिने शाळेत अजून सांगितलेले नाही. वकिलाला भेटायचे, आधी कागदपत्रे करायची आणि मग मुख्याध्यापकांशी बोलायचे, एवढे ठरले आहे. घाई करू नकोस असे आम्ही म्हणालो, ते शहाणपणाने की भीतीने, हे आमचे आम्हालाच सांगता येत नाही.

निघताना ती दारात थांबली. "काका, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत मी महिला मंडळाच्या रांगेत उभी राहिले तर चालेल का?"

आम्ही शब्द जुळवत होतो, तोवर स्वयंपाकघरातून आमच्या सहचारिणीचा आवाज आला, "पांढरी साडी आहे का गं तुझ्याकडे, की माझी देऊ?"